नोकरी सोडण्याआधी मावशींची वेळ बदला

पत्र :

मी ४३ वर्षांची. राहायला डोंबिवली, नोकरी फोर्टमध्ये. सकाळी पावणेआठला घर सोडते, परत यायला साडेसात होतात. घरात सासरे (७९), सासूबाई (७४), मुलगी दहावीत, मुलगा तिसरीत. सासूबाईंना दीड वर्षापूर्वी डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असल्याचं कळलं. मधुमेह त्याआधीपासून, गोळ्या चालू आहेत. सासरे हिंडते-फिरते आहेत, पण रात्री बाथरूमला उठताना दोनदा पडले. नवरा महिन्यातले दहा-बारा दिवस दौऱ्यावर. दीर बंगळुरूला, फोनवरून सल्ले भरपूर. नऊ ते पाच सांभाळायला एक मावशी येतात. पाचनंतर मी येईपर्यंत मुलगी बघते, आणि नेमक्या त्याच वेळी सासूबाई ‘मला घरी जायचंय’ म्हणत दाराशी जातात, रडतात, मुलीला ढकलतात. रात्री दोन-तीनदा उठतात, माझी झोप होत नाही. परवा मुलगी म्हणाली, ‘या घरात माझी दहावी होणार नाही.’ त्याच रात्री मी मुलावर हात उचलला. सगळे म्हणतात, नोकरी सोड. सोडू का? साताऱ्याला माझी आई एकटी आहे. तिचं तर मी काहीच करत नाही.

उत्तर :

राजीनामा या महिन्यात देऊ नका. पुढच्या महिन्यातही नको. तुमचं पत्र नीट वाचलं तर त्यात अडचणीच्या जागा दोनच आहेत: संध्याकाळचे पाच ते साडेसात, आणि रात्रीचं उठणं. नोकरी सोडलीत तर पहिली जागा भरेल, दुसरी आहे तशीच राहील, आणि मधल्या सगळ्या तासांच्या मावशीही तुम्हीच व्हाल. कारण पगार थांबला की घरातला पहिला कमी होणारा खर्च मावशींचाच असतो. शिवाय कंपनीचा गट आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो. त्यात कोणकोण आहे ते बघा. सासू-सासरे त्यात असतील तर या वयात नवी पॉलिसी मिळवणं महाग आणि किचकट आहे. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. तुमची नऊ झाली असतील आणि ‘कंटाळले’ म्हणून सोडलंत, तर तो घाटा म्हातारपणी कळेल. सोडायचीच वेळ आली तर आधी बिनपगारी रजा, मग आठवड्यातून दोन दिवस घरून काम, मग राजीनामा, या क्रमानं जा.

आजपासून एक वही करा. शाळेची शंभर पानी पुरे. सात दिवस फक्त चार गोष्टी लिहा: किती वाजता, काय झालं, त्याआधी अर्धा तास काय चाललं होतं, त्या वेळी जवळ कोण होतं. दुपारी मावशींना लिहायला सांगा. त्यांना लिहिता येत नसेल तर त्या सासऱ्यांना सांगतील आणि सासरे लिहितील. सासऱ्यांनाही एक काम होतं. ही वही डॉक्टरांपुढे ठेवायची आहे आणि दिरांपुढेही, म्हणून ‘खूप त्रास दिला’ असं लिहू नका. ‘६.१० ला दाराशी, २० मिनिटं, मुलीचा हात ओढला’ असं लिहा.

आता रात्र. डिमेन्शिया असलेलं माणूस रात्री उठलं की ‘आजारच तो’ म्हणून सोडून दिलं जातं, आणि तिथंच चुकतं. उठण्याला बऱ्याचदा दुरुस्त करता येईल असं कारण असतं. सगळ्यात आधी साखर बघा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड जातीची गोळी चालू असेल आणि सासूबाई रात्री जेमतेम दोन घास जेवत असतील, तर मध्यरात्री साखर उतरू शकते. माणूस घाबरं होऊन, घाम येऊन उठतं आणि आपण समजतो भ्रम झाला. तीन रात्री त्या उठतील तेव्हा ग्लुकोमीटरवर तपासा. ७० च्या खाली असेल आणि नीट गिळता येत असेल तर तीन चहाचे चमचे साखर थोड्या पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, वर आली की बिस्कीट किंवा अर्धी पोळी. गुंगी असेल, गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. एकदा जरी ७० च्या खाली सापडली तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. या वयात आणि या आजारात तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) सातच्या आत ठेवण्याचा हट्ट धरत नाहीत. आठच्या आसपास चालवून घेतात. गोळी कमी करायची का, ते डॉक्टर ठरवतील.

साखर ठीक निघाली तर पुढची कारणं बघा. बद्धकोष्ठ: तीन दिवस पोट साफ नसेल तर म्हातारं माणूस बेचैन होतं आणि त्याला ते सांगता येत नाही. लघवीचा संसर्ग: बायकांत फार, ताप न येताही होतो, लघवीची तपासणी करून घ्या. डिमेन्शियासाठी डोनेपेझिल रात्री देत असाल तर त्यानं काहींना विचित्र स्वप्नं पडतात, झोप मोडते. ‘सकाळी दिली तर चालेल का’ एवढं विचारा, पुष्कळदा चालतं. सर्दीची दुकानातून आणलेली गोळी (क्लोरफेनिरामाइन असलेली) या रुग्णांचा गोंधळ वाढवते, ती घरातून काढून टाका. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर ते सकाळी द्यायचं की कसं, आणि रक्तातलं सोडियम बघायचं का, हेही विचारा. आणि चार-सहा दिवसांत अचानक बिघडलं असेल, काल ओळखत होत्या आणि आज ओळखत नाहीत असं असेल, तर तो सहसा डिमेन्शियाचा पुढचा टप्पा नसतो. शरीरात काहीतरी नवं झालेलं असतं. त्याच दिवशी दाखवा.

डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून न्या. दोघांची, चूर्ण-काढे-मलमांसकट. कागदावरची यादी आणि पिशवीतली औषधं जुळत नाहीत, हे बहुतेक घरांत निघतं. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या पट्ट्या दोन डॉक्टरांनी लिहिलेल्या असतात आणि दोन्ही चालू असतात. झोपेची किंवा ‘शांत राहण्याची’ गोळी मात्र स्वतःहून मागू नका, शेजारच्यांची तर अजिबात नको. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन यांसारख्या गोळ्यांनी पडण्याचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. कधी द्याव्या लागतात, पण थोड्या मात्रेत, थोडे दिवस आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखाली.

रात्रीचं सगळ्यात साधं कारण मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे, कारण ते सांगितलं की मावशींवर राग निघतो. सासूबाई दुपारी किती झोपतात? मावशींसाठी झोपलेलं माणूस हे सोपं माणूस. एक ते चार झोपवलं की रात्री जाग येणारच. दुपारची झोप तीनच्या आत संपली पाहिजे, आणि पाऊण तासापेक्षा जास्त नको. चहा चारनंतर बंद. हे मावशींना आदेश म्हणून सांगू नका. ‘त्यांना जागं ठेवणं हेच तुमचं दुपारचं काम’ असं सांगा, आणि त्या वेळात त्यांच्यावर भांडी-कपडे लादू नका.

संध्याकाळचा गोंधळ हा या आजाराचा ओळखीचा भाग आहे. दिवसभराचा थकवा, उतरता उजेड, भूक, घरातली माणसं बदलणं, हे सगळं एकाच तासात येतं. तुमच्या घरी तर पाचला मावशी जातात, मुलगी शाळेतून दमून आलेली, धाकटा खेळायला निघालेला, टीव्हीवर बातम्यांची आरडाओरड. सासूबाईंच्या जागी कोणीही गोंधळेल. करायचं ते असं: चारला उन्हात वीस मिनिटं चालणं, सोसायटीच्या आवारात पुरे. साडेचारला पोटभर काहीतरी: उपमा, थालीपीठ, दूध-पोळी. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी घरातले सगळे दिवे लावा (आपल्याकडे डिसेंबरात सहाला मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या पुढे, म्हणजे वेळ ऋतूप्रमाणे हलवायची). खिडक्यांचे पडदे ओढा, कारण काळोख पडला की काचेत आपलंच प्रतिबिंब दिसतं आणि ‘ती बाई कोण’ सुरू होतं. टीव्हीवरच्या मारामारीच्या मालिका बंद. आणि हाताला काम द्या. वाती वळणं, मटार सोलणं, तांदूळ निवडणं, घड्या घालणं. बोटांना ही कामं आठवतात, डोक्याला आठवली नाहीत तरी. वाती वाकड्या झाल्या तर होऊ द्या. निवडलेले तांदूळ त्यांच्यासमोर पुन्हा निवडू नका.

‘मला घरी जायचंय’ला ‘अहो आई, हेच तुमचं घर’ असं उत्तर देऊ नका. ते खरं आहे, पण त्यांना खोटं वाटतं, आणि मग तुम्ही त्यांना डांबून ठेवणाऱ्या होता. ‘हो, जाऊ या. दूध पिऊन निघू. घरी कोण कोण आहे?’ असं म्हणा. त्या माहेराबद्दल बोलतील, आईबद्दल बोलतील. बोलू द्या. दहा मिनिटांत बहुतेक वेळा ओढ उतरते. नाहीच उतरली तर चप्पल घालून खरंच जिन्यापर्यंत जाऊन या. ही युक्ती मावशींना, सासऱ्यांना आणि मुलांना शिकवा. ती घरात एकट्या तुम्हालाच येत असेल तर उपयोग नाही.

दाराला एक कडी नजरेच्या रेषेबाहेर, अगदी वर बसवा. बाहेरून कुलूप लावून जाणं मात्र कधीही नको. सासूबाईंच्या अंगावर नाव आणि दोन फोन नंबर असलेलं काहीतरी कायम असू द्या. गळ्यातलं चालेल, हातातलं कडं चालेल. पर्समध्ये ठेवलेल्या चिठ्ठीचा काही उपयोग नाही, पर्स घरी राहते. वॉचमन, कोपऱ्यावरचा भाजीवाला आणि रिक्षास्टँड या तिघांना त्यांचा ताजा फोटो दाखवून ठेवा. लोक आजार लपवतात, आणि नेमकं तेच महागात पडतं. गॅस रात्री आणि दुपारी रेग्युलेटरवरूनच बंद.

आणि आता शीर्षकातली गोष्ट. मावशी नऊला येतात, पाचला जातात. ही वेळ ऑफिसची आहे, सासूबाईंच्या आजाराची नाही. सकाळी त्या सगळ्यात शांत असतात, सासरे जागे असतात. तुमच्याकडे स्वयंपाकाची बाई येत असेल तर तिची वेळ साडेआठ ते साडेदहा करा. नाश्ता आणि सकाळच्या गोळ्या तुम्ही निघण्याआधी द्या. मग मावशी अकराला येऊन रात्री आठला जाऊ शकतात. एक तास वाढतो, त्याचे पैसे वाढवा. अंघोळ अकरानंतर, सकाळची घाई संपल्यावर. अंघोळीला नाही म्हणणारं माणूस पुष्कळदा थंडीला आणि घाईला नाही म्हणत असतं. पाच ते आठ मावशी असल्या की मुलगी मोकळी होते, आणि तुम्ही साडेसातला आल्यावर अर्धा तास आई होऊ शकता. मावशींना घरी आठनंतर जाणं जमणार नसेल, त्यांचीही मुलं असतात, तर संध्याकाळच्या तीन तासांसाठी दुसरी बाई बघा. त्या वेळेला मोकळी असलेली बाई सोसायटीत विचारल्यावर सापडू शकते. पण आधी वेळ हलवून बघा.

मावशी सुट्टीवर गेल्या की घर कोसळतं, म्हणून बदली मावशी आत्ताच ठरवा. तिला महिन्यातून एक दिवस पैसे देऊन बोलवा, दोघी एकत्र काम करतील. नाहीतर ती पहिल्यांदा येते तेव्हा सासूबाईंसाठी ती घरात घुसलेली परकी बाई असते. मावशी पुरवणाऱ्या ब्यूरोतून घेत असाल तर हे प्रश्न फोनवरच विचारा: बाई न आल्यास किती तासांत बदली? उचलणं, डायपर, अंघोळ करणार का? महिन्याच्या सुट्ट्या किती? जेवण कोणाचं? ब्यूरोचं कमिशन एकदाच की दर महिन्याला? बाई तीन दिवसांत सोडून गेली तर पैशाचं काय? ‘सगळं करतात’ हे उत्तर नव्हे. कागदावर घ्या. आधार कार्डाची प्रत आणि पोलीस पडताळणी यात संकोच नको. फ्रिजवर एक कागद लावा: औषधं आणि वेळा, साखर उतरल्यास काय करायचं, कोणाला फोन, १०८. गोळ्या आठवड्याच्या डब्यात, सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे असलेल्या, तुम्ही रविवारी भरा. सासू-सासऱ्यांचे डबे वेगळ्या रंगाचे घ्या.

सासऱ्यांचं पडणं पत्रात एका वाक्यात आलंय, पण मला त्याचीच जास्त काळजी वाटली. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं तर तुमची आत्ताची सगळी रचना एका रात्रीत मोडेल. दोनदा पडलेला माणूस तिसऱ्यांदा पडतो असं धरून चाला. घरच्या यंत्रावर बीपी आधी झोपवून बघा, मग उभं केल्यावर एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरत असेल तर उभं राहताच रक्तदाब पडतोय. बीपीच्या गोळीनं, प्रोस्टेटच्या टॅम्सुलोसिननं हे होतं. डॉक्टरांना हे आकडे दाखवा. तोवर नियम असा: जाग आली की दोन मिनिटं पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायचं, मग उठायचं. पलंगापासून बाथरूमपर्यंत हालचालीनं लागणारे छोटे दिवे. मागे पट्टा नसलेली चप्पल बंद. मधली पायपुसणी, गोधड्यांचे तुकडे उचला. कमोडजवळ आणि अंघोळीच्या जागी धरायचे बार जमिनीपासून ८० ते ९० सेंटिमीटरवर, भिंतीत फास्टनर मारून. हवेनं चिकटणारे बार भार आला की सुटतात, आणि टॉवेलचा दांडा हा बार नसतो. बाथरूमची कडी बाहेरूनही उघडेल अशी. वाटलंच तर पलंगाशेजारी कमोड खुर्ची. सुरुवातीला अपमान वाटतो, आठवड्यात सवय होते. पडले तर ओढून उठवू नका. मांडीच्या वरच्या भागात कळ, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला तर उभं करायचं नाही, १०८. डोक्याला मार लागला असेल आणि क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ‘ठीक आहे’ म्हणाले तरी रुग्णालयात न्या. पडल्यानंतर काही आठवड्यांनी डोकेदुखी, सुस्ती, चालणं बिघडणं सुरू झालं तर डॉक्टरांना ‘पडले होते’ हे आठवणीनं सांगा. मेंदूभोवती हळूहळू साचणारं रक्त असं उशिरा बोलतं.

रात्रीची वाटणी करताना एकच माप धरा: प्रत्येकाला सलग पाच तास झोप. नवरा घरी असेल तेव्हा आठवड्यातल्या चार रात्री त्याच्या. त्या रात्री तुम्ही मुलांच्या खोलीत, दार लावून. ‘तो उठला नाही तर मी उठेन’ हे चालणार नाही. तसं असलं की तुमचे कान जागेच राहतात. दौऱ्याच्या रात्रींसाठी रात्रीची मावशी सांगा, आणि तिचा खर्च दिरांच्या नावावर टाका.

म्हणजे आपण दिरांकडे आलो. त्यांना ‘मदत करा’ म्हणू नका. मदत मागितली की सल्ला मिळतो. बंगळुरूहून पूर्णपणे करता येतील अशी कामं भरपूर आहेत: दोघांची औषधं संपायच्या आत मागवणं, घरी येऊन रक्त नेणाऱ्या प्रयोगशाळेच्या वेळा घेणं, विम्याचे कागद आणि दावे, वीजबिल, ब्यूरोशी बोलणी, रात्रीच्या मावशीचे पैसे. आणि रोज संध्याकाळी साडेपाचला आईला व्हिडिओ कॉल, वीस मिनिटं. हे शेवटचं औषधाइतकं मोलाचं आहे, कारण ते नेमकं त्या अवघड तासात पडतं. काम सोपवायचं तर मुळासकट सोपवा. औषध संपत आलंय हे लक्षात ठेवणं हाही त्याच कामाचा भाग आहे. तुम्हीच आठवण करून देणार असाल तर काम तुमच्याच डोक्यावर राहिलं. रविवारी चाळीस मिनिटांचा फोन ठेवा, वही समोर घ्या, आणि नवऱ्याला बोलू द्या. भाऊ भावाशी बोलला की ‘वहिनी चिडलीय’ हा रस्ता बंद होतो. वाक्य एवढंच: ‘ही कामं आहेत. यातली कोणती तू घेतोस?’ वर्षातून दोनदा एकेक आठवडा त्यांनी येऊन राहावं, पाहुणे म्हणून नाही. त्या आठवड्यात तुम्ही मुलांना घेऊन साताऱ्याला.

कागदपत्रांची घाई करा. सासूबाईंना अजून समजतंय तोवरच करता येतील अशी कामं आहेत. कुलमुखत्यारपत्र करून ठेवलं की झालं, हा मोठा गैरसमज आहे. देणाऱ्याची समजशक्ती गेली की आपल्या कायद्यात ते मुखत्यारपत्र संपतं, आणि मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयापर्यंत जावं लागू शकतं. त्यापेक्षा बँक खातं दोघांच्या नावावर, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेली व्यक्ती’ या पद्धतीचं करा. नामनिर्देशन तपासा, १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नावं देता येतात. मृत्युपत्र करायचं असेल तर दोन साक्षीदार आणि त्याच दिवशीचं, त्यांना समजतंय असं डॉक्टरांचं पत्र. पेन्शन असेल तर हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो, सत्तरीपुढच्यांना बँकेनं घरी सेवा द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा दंडकही आहे. नोव्हेंबरात दोघांना रांगेत उभं करू नका. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता मिळणारं ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड काढून घ्या: वर्षाला पाच लाखांपर्यंत, पण एका कुटुंबातल्या सगळ्या सत्तरीपुढच्यांत मिळून, आणि फक्त रुग्णालयात दाखल झाल्यावर. रोजची औषधं, मावशी, डायपर त्यात नाहीत. प्राप्तिकराचं एक लक्षात ठेवा: आईवडिलांच्या आरोग्यविम्यावर (विमा नसेल तर उपचारखर्चावर) ज्येष्ठांसाठी ५० हजारांपर्यंत वजावट जुन्या करप्रणालीत आहे, पण ती स्वतःच्या आईवडिलांसाठी. सासू-सासऱ्यांचे पैसे तुमच्या खात्यातून गेले तर वजावट कोणालाच नाही. ते नवऱ्याच्या खात्यातून जाऊ द्या, रोखीनं नको, आणि तुम्ही तुमच्या आईचे भरा.

मुलगी. तिच्याशी या आठवड्यात बोला, पण ‘समजून घे गं’ असं नाही. कोणती कामं तिची नाहीत ते सांगा: आजीला एकटीनं सांभाळणं नाही, बाथरूम नाही, गोळ्या नाहीत. मार्चपर्यंत तिचं काम रोज वीस मिनिटं आजीजवळ बसणं, तेही जमलं तर. जवळपास अभ्यासिका असेल तर तीन-चार महिन्यांची फी भरा, नाहीतर एखाद्या शेजारणीकडे संध्याकाळचे दोन तास मागा. आजीनं ढकलल्यावर तिनं काय करायचं हेही ठरवून द्या: हात सोडवायचा, दोन पावलं मागे, मोठ्यांना हाक. धाकट्याला सांगा की आजीच्या मेंदूला आजार आहे, तो चिकटत नाही, आणि तो त्याच्या मस्तीमुळे झालेला नाही. आठ वर्षांची मुलं हे शेवटचं मनात धरून बसतात आणि विचारत नाहीत. हात उचलल्याबद्दल त्याची एकदा, स्पष्ट माफी मागा. ‘पण तू पण…’ न जोडता. आणि पुढच्या वेळी अंगात तसं चढायला लागलं की बाल्कनीत जायचं, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे मागे कोणी येणार नाही.

तुमच्याबद्दल. गोव्यात दोन तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांबरोबर डिमेन्शियाच्या रुग्णांना घरी सांभाळणाऱ्यांसाठी एक प्रयोग झाला होता, २००८ साली तो प्रसिद्ध झाला. गावातलीच, थोडं प्रशिक्षण दिलेली माणसं घरी जायची, आजार समजावून सांगायची, संध्याकाळ कशी हाताळायची ते दाखवायची, सांभाळणाऱ्याचं ऐकून घ्यायची. रुग्णांचा आजार फारसा हलला नाही, पण सांभाळणाऱ्यांचा मानसिक त्रास कमी झाला. तुम्हाला असं बोलायला कोणी हवं आहे, आणि ते घरातलं नको. राज्य-केंद्राची १४४१६ ही टेली-मानस सेवा चोवीस तास, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. झोपायला वेळ असूनही झोप येत नसेल, सकाळी उठताना रडू येत असेल, ‘हे सगळे नसते तर’ असा विचार घोळत असेल, तर वाट न बघता डॉक्टरांनाच भेटा. बीपी, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड ही तुमची तपासणी दिरांनी ठरवलेल्या प्रयोगशाळेच्या त्याच फेरीत उरकून घ्या. माणूस घरी येतोच आहे.

तीन महिन्यांनी वही पुन्हा उघडा. सलग पाच तास झोप अजून मिळत नसेल, सासूबाईंना उठवायला दोन माणसं लागत असतील किंवा त्या मुलांना इजा करत असतील, तर रिक्षाच्या अंतरावरचं दिवसाचं देखभाल केंद्र किंवा निवासी केंद्र बघायला सुरुवात करा. बघायला जाणं म्हणजे ठेवून येणं नव्हे. जेवणाच्या वेळी, न कळवता जा. वास, रात्री किती माणसामागे किती कर्मचारी, आणि बांधून ठेवतात का, एवढं बघितलं तरी बरंच कळतं.

आईचं ‘काहीच करत नाही’ हे खरं नाही, पण नीट लावलेलं काही नाही हे खरं. तिची सत्तरी झाली असेल तर तिचंही वय वंदना कार्ड. एका शेजारणीकडे घराची किल्ली आणि तुमचा नंबर. रोज ठरल्या वेळी दोन मिनिटांचा फोन, लोकलमधून चालेल. ठरलेली वेळ असली की न उचललेला फोन लगेच लक्षात येतो. ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा मदत क्रमांक तिच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात. आणि दीर डोंबिवलीत राहायला येतील त्या आठवड्याची साताऱ्याची तिकिटं आत्ताच काढून ठेवा. तिकिटं हातात असली की दिरांना तारीख बदलायला अवघड जातं.